मांजराच्या पिल्लाचे पोट बिघडल्यावर कामी येणारा वजनकाटा: एक परीक्षण

मांजराच्या लहान पिल्लाला जुलाब लागले की घरात खरेदी सुरू होते. दुधाची भुकटी येते, लहान बुचाची बाटली येते, प्रोबायोटिकच्या पुड्या येतात, कोणीतरी सुचवलेले टॉनिक येते. पिल्ले सांभाळताना या साऱ्या वस्तू मी वापरलेल्या आहेत आणि त्यांपैकी काहींचा उपयोगही होतो. पण पोट बिघडलेल्या पिल्लासाठी सर्वांत मोलाची ठरलेली वस्तू मला पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, भांड्यांच्या आणि मिक्सरच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये मिळाली. ती म्हणजे ५ किलोपर्यंत वजन करणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, वरचे भांडे सुटे निघणारा साधा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. केक करणारे लोक मैदा मोजायला वापरतात तोच. एकाच साच्यातला हा काटा निरनिराळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे येथे नावापेक्षा त्याच्या गुणदोषांविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

वजनाला इतके महत्त्व का, हे आधी सांगितले पाहिजे. जन्मतः मांजराचे पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते, निरोगी असेल तर रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनाच्या दुपटीला पोहोचते. इतक्या छोट्या देहात पाण्याचा साठा फार थोडा असतो. ३०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात चार-पाच वेळा पातळ शी झाली आणि त्यातून ३० ग्रॅम वजन गेले, तर त्याच्या देहाचा दहावा भाग गेलेला असतो, आणि ही प्राणावर बेतणारी अवस्था आहे. हे ३० ग्रॅम हाताला जाणवत नाहीत. पिल्लू उचलून पाहिल्यावर ते आपल्याला कालच्याइतकेच वाटते, कारण डोळे आणि हात मोठ्या वजनांना सरावलेले असतात.

शरीरातले पाणी कमी झाले आहे का हे पाहण्यासाठी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडण्याची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते. मोठ्या मांजरात तिचा उपयोग होतो, पण अगदी लहान पिल्लाच्या कातडीत पाण्याचे आणि चरबीचे प्रमाण वेगळे असल्याने तेथे ती फसवते. त्यापेक्षा हिरड्यांना बोट लावून त्या चिकट झाल्या आहेत का ते पाहावे आणि शूचा रंग पाहावा; दूधपित्या पिल्लाची शू जवळजवळ रंगहीन असते, ती गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडत आहे. परंतु ही लक्षणे दिसेपर्यंत काही तास निघून गेलेले असतात. काटा मात्र पहिल्याच सकाळी सांगतो की आज वाढ झालेली नाही.

आता काट्याचा खरा उपयोग, ज्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले. आईविना सापडलेल्या, बाटलीवर वाढणाऱ्या पिल्लांचे पोट बिघडण्यामागे जंतू किंवा जंत असतातच, पण अतिशय वारंवार आढळणारे एक कारण जास्त दूध पाजणे हे आहे, आणि ते प्रेमापोटीच घडते. पिल्लाच्या जठरात एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिलीच दूध सुखाने मावते. म्हणजे १५० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी ६ मिली, २०० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिली. ते चोखत आहे म्हणून पाजत राहिले, तर न पचलेले दूध आतड्यात पुढे सरकते, ते तेथे पाणी ओढून घेते आणि आधी पिवळसर मऊ, मग राखाडी किंवा दह्यासारख्या कवड्या असलेली पातळ शी होऊ लागते. दिवसभरात दर १०० ग्रॅम वजनाला साधारण २० मिली दूध असा हिशेब बहुतेक भुकट्यांना लागू पडतो, मात्र डब्यावर छापलेला तक्ता पाहून तो पक्का करावा. या सगळ्या हिशेबाचा पाया पिल्लाचे आजचे वजन हा आहे. वय अंदाजाने ठरवून पाजणारा माणूस येथेच चुकतो, कारण रस्त्यावर सापडलेले तीन आठवड्यांचे अशक्त पिल्लू वजनाने दीड आठवड्याचे असू शकते.

काट्यावर हे मोजण्याची रीत सोपी आहे. पाजण्यापूर्वी भरलेली बाटली काट्यावर ठेवून आकडा लिहावा, पाजून झाल्यावर पुन्हा ठेवावी. तयार केलेल्या दुधाचा १ मिली जवळजवळ १ ग्रॅमच भरतो, त्यामुळे पोटात किती गेले ते कळते. बाटलीवरच्या रेघांवर विसंबण्यापेक्षा हे खात्रीचे आहे, कारण एक-दोन मिलीचा फरक रेघांवर नीट वाचता येत नाही; मात्र बुचाजवळ गळलेले दूध काट्यालाही कळत नाही, ते लक्षात ठेवावे. आई असलेल्या पिल्लांच्या बाबतीत पिल्लालाच दूध पिण्याआधी आणि लगेच नंतर ठेवावे. चार भावंडांतले एखादे सडाला लागलेले दिसते, पाय मारते, गुरगुरते आणि वजन मात्र तसूभर वाढत नाही. अशा वेळी त्याच्या तोंडात सड आहे पण पोटात दूध नाही हे काट्याशिवाय उमगत नाही.

दुधाविषयीही थोडे सांगणे भाग आहे. पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत पिल्लू सापडले की पहिल्यांदा त्याच्यापुढे पिशवीतल्या दुधाची वाटी येते, आणि जुलाब लागले की तेच दूध पाणी घालून पातळ केले जाते. मांजरीच्या दुधात प्रथिने गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि स्निग्धांशही जास्त असतो. गायीच्या दुधात मात्र तेवढीच ऊर्जा मिळवताना पिल्लाला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरेच अधिक पचवावे लागते. पाणी घातल्याने लॅक्टोजचे आणि प्रथिनांचे परस्परप्रमाण बदलत नाही, आधीच अपुरी असलेली प्रथिने आणखी विरळ होतात आणि पिल्लू भुकेले राहते. म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी बनवलेली दुधाची भुकटी घ्यावी आणि ती डब्यावरच्या प्रमाणातच कालवावी. घट्ट कालवले तरी जुलाब होतात आणि फार पातळ कालवले तर वजन वाढत नाही. डब्यातला चमचा दाबून भरला की मोकळा भरला यावर भुकटीचे प्रमाण बरेच हलते, त्यामुळे एक चमचा भुकटी एकदा काट्यावर मोजून तो आकडा डब्यावर लिहून ठेवावा आणि पुढे त्या आकड्यानेच मोजावे, असे मला वाटते.

पिल्लू गार असेल तर काट्याचे गणितही बाजूला ठेवावे लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री फरशी बर्फासारखी गार पडते आणि आईविना असलेले पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही. देहाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते किंवा थांबते. अशा वेळी पाजलेले दूध पोटात कुजते, उलटून फुप्फुसातही जाऊ शकते. आधी कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवून त्याला हळूहळू ऊब द्यावी, ते ऊबदार झाल्यावरच पाजावे. वजन करतानाही काट्याच्या थंड स्टीलवर त्याला थेट ठेवू नये. भांड्यात मऊ कापड घालून टेअरचे, म्हणजे भांड्याचे वजन वजा करणारे, बटण दाबावे, आकडा शून्यावर आला की पिल्लू ठेवावे.

या काट्याचे दोष आहेत आणि त्यांपैकी काही त्रासदायक आहेत. पहिला म्हणजे हलणारे पिल्लू. स्वस्त काट्यात आकडा गोठवून ठेवण्याची सोय नसते, त्यामुळे पिल्लू वळवळत असताना आकडा १० ग्रॅम इकडे, १० ग्रॅम तिकडे नाचतो. उंच कडांच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले आणि वरून तळहाताची सावली धरली की बहुतेक पिल्ले क्षणभर शांत होतात. तेवढा क्षण पुरतो. दुसरा दोष असा की काही वेळाने काटा आपोआप बंद होतो आणि भांड्याचे वजा केलेले वजन विसरतो, म्हणून चारही पिल्ले एका दमात मोजायची असतील तर प्रत्येकाआधी शून्य पाहून घ्यावे. तिसरा दोष एककाच्या बटणाचा आहे. ते बटण टेअरच्या अगदी शेजारी असते, घाईत दाबले जाते आणि ग्रॅमऐवजी औंस दिसू लागतात. नोंदवहीत असा आकडा शिरला तर दोन दिवस घबराट उडते. पेठेतल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, तिच्या उंचसखलपणामुळे काट्याचा एक पाय अधांतरी राहतो आणि आकडा खोटा येतो, हे मी येथे मुद्दाम नमूद करते, कारण दोष काट्याचा समजून तो परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवला तर ही अडचण येत नाही. सेल कमजोर झाला की आकडा सावकाश सरकत राहतो, तेव्हा सेल बदलावा.

अचूकता तपासायला वेगळी वजने लागत नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीची सिरिंज घ्यावी, ती पाण्याने भरून दहा वेळा भांड्यात रिकामी करावी. आकडा १०० ग्रॅमच्या आसपास आला पाहिजे. पाच-सहा ग्रॅमचा फरक कायम राहत असेल तर काटा बदलून घ्यावा. दोन-तीन ग्रॅमचा फरक चालेल, कारण पिल्लाच्या बाबतीत आपल्याला कालच्या आणि आजच्या आकड्यांतले अंतर हवे असते, आणि तोच काटा रोज तेवढाच चुकत असेल तर अंतर बरोबर येते. त्यासाठी वजन रोज एकाच वेळी, पाजण्यापूर्वी आणि ओल्या कापसाने पुसून शू-शी करवून घेतल्यावर करावे. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना शू-शी स्वतःहून करता येत नाही, आई चाटून करवते. आई नसेल तर हे काम आपले, आणि ते राहून गेले तर त्यानेही पोट फुगते. जुलाब चालू असताना मी सकाळ-संध्याकाळ वजन घेते.

इतर काट्यांशी तुलना करायची तर सोनारकामाच्या खिशात मावणाऱ्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो, पण त्याचे पारडे तळहाताएवढेच असते आणि अनेकांची क्षमता २०० किंवा ५०० ग्रॅमलाच संपते. पिल्लू महिन्याचे होते न होते तोच तो अपुरा पडतो. तान्ह्या बाळांचे काटे ऐसपैस असतात, मात्र त्यांतले बरेच ५ किंवा १० ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजतात, आणि पिल्लाची दिवसभराची सारी वाढच तेवढी असते. माणसांच्या काट्याचा येथे काही उपयोग नाही.

काटा कारण सांगत नाही, ही त्याची मर्यादा ओळखूनच तो वापरावा. माझ्याकडच्या पाच आठवड्यांच्या भावंडांत एक भुऱ्या रंगाचे पिल्लू होते. खेळत होते, खात होते, शी थोडीशी मऊ होती इतकेच, आणि तरी त्याचे वजन जागचे हलेना, भावंडे मात्र पुढे निघून गेली. कोथरूडमधल्या आमच्या डॉक्टरांनी पिल्लाला तपासण्याआधी वजनांची वही मागून घेतली, मग ताज्या शीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कॉक्सिडिया निघाला. हा एकपेशीय परजीवी जंताच्या साध्या औषधाने जात नाही. याउलट गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लाकडे येतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून पायरँटेलसारखे औषध दर दोन आठवड्यांनी देण्याची पद्धत आहे. जिआर्डिया हा आणखी वेगळा परजीवी, आणि तो एका नमुन्यात हमखास सापडेल असेही नसते. तिन्हींमध्ये शी पातळच होते, तिन्हींची औषधे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची मात्रा वजनावर ठरते. कॉक्सिडियासाठी वापरले जाणारे टोल्ट्राझुरिल हे मुख्यतः कोंबड्या आणि वासरांसाठी विकले जाते व त्याचे द्रव २.५ टक्के आणि ५ टक्के अशा दोन तीव्रतांत मिळते. म्हणजे तेवढ्याच थेंबांत औषध दुप्पट जाऊ शकते. मैत्रिणीच्या पिल्लाला दिलेली बाटली आपल्या पिल्लाला देऊ नये, याचे हे पुरेसे कारण आहे. डॉक्टरांना ‘साधारण पाव किलो असेल’ असे सांगण्याऐवजी ‘आज सकाळी २१८ ग्रॅम’ असे सांगता येते, तेव्हा औषधाची मात्रा आणि कातडीखाली द्यायचे सलाईन दोन्ही नेमके ठरतात.

घरगुती उपायांविषयी माझे मत ठाम आहे. बाळगुटीतले जायफळ, मुरडशेंग आणि वेखंड उगाळून चाटवण्याचा सल्ला वडीलधाऱ्यांकडून मायेने येतो, पण मांजराचे यकृत माणसाच्या यकृतासारखे काम करत नाही. अनेक द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची त्याची क्षमता फार कमी असते. पॅरासिटामॉलचा लहानसा तुकडाही मांजराचा जीव घेतो तो याच कारणाने. जायफळही त्यांना विषारी ठरू शकते. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नयेत. कांदा-लसूण घातलेले चिकनचे पाणी देऊ नये. पोटाला आराम म्हणून मोठ्यांसारखा उपास घडवणे हा तर उघड धोका आहे, कारण पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अत्यल्प असतो आणि काही तासांतच रक्तातली साखर घसरून ते निपचित पडते. पिल्लू शुद्धीवर असेल तर अशा वेळी ग्लुकोजचे पाणी हिरड्यांना चोळत दवाखाना गाठावा.

घर पुसण्याबाबत एक सूचना, कारण जुलाब म्हटले की पुणेकर घरात फिनाईलची बाटली निघतेच. फिनॉल असलेली आणि पाइन तेल असलेली जंतुनाशके मांजरांना विषारी आहेत, आणि पिल्लू पाय चाटून ती पोटात घेते. पॅनल्यूकोपेनियासारख्या विषाणूची शंका असेल, म्हणजे उलट्या, ताप, सुस्ती आणि पातळ शी एकत्र आली असतील, तर जागा आधी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे, नंतर साध्या पाण्याने पुसून जागा पूर्ण वाळू द्यावी. हा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तोवर पिल्लाला संरक्षण तोकडेच असते. काट्याचे सुटे भांडे याच रीतीने धुता येते, आणि सुटे भांडे असलेला काटाच घ्यावा असे मी म्हणते ते यासाठी. एकसंध काचेचे पातळ काटे दिसायला सुंदर असतात, पण त्यांच्या कडेच्या फटीतून पाणी आत जाते आणि पिल्लू काचेवरून घसरते.

दवाखान्यात कधी धावायचे, याचे माझ्यापुरते नियम काट्यावरच ठरलेले आहेत. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाचे वजन २४ तासांत अजिबात वाढले नाही तर डॉक्टरांना फोन करावा. घटले तर त्याच दिवशी दाखवावे, मग ते कितीही खेळत असो. शीमध्ये रक्त, वारंवार उलटी, चोखण्याची ताकद नसणे किंवा अंग गार लागणे यांपैकी काही दिसले तर वजन करत बसू नये, सरळ निघावे.

चौथ्या आठवड्यापासून दुधाकडून ओल्या खाण्याकडे वळतानाही पोट थोडे बिघडते. नवे खाणे आठवडाभरात हळूहळू वाढवले, जुने तेवढेच कमी केले आणि वजन चढते राहिले, तर एखाद-दुसऱ्या मऊ शीने घाबरण्याचे कारण नाही. आकडा वाढता दिसत असल्याने आपल्याला शांतपणे वाट पाहता येते. नाहीतर याच काळात लोक रोज एक नवे खाणे बदलतात आणि बिघाड लांबवतात.

पिल्लू दीड किलोच्या पुढे गेले की ते भांड्यात मावत नाही, तेव्हा हा काटा त्याच्यापुरता निवृत्त होतो आणि स्वयंपाकघरात परत जातो. घेताना दुकानातच सेल घालून तो चालू करून पाहावा, एखादी हलकी वस्तू, पेन किंवा किल्ली, ठेवून आकडा लगेच बदलतो का ते बघावे, तीच वस्तू उचलून पुन्हा ठेवल्यावर तोच आकडा येतो का ते पाहावे आणि टेअर व एककाची बटणे निरनिराळ्या बाजूंना असलेला नमुना मिळत असेल तर तोच निवडावा.